निजून राहायला कुणीतरी हवंय

सिनेगॉगचं पत्रक दर गुरुवारी यायचं आणि मर्ल ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चाळायची. बसून वाचावं असं त्यात काही नसे. मंगळवारी ब्रिज. बुधवारी यिद्दिश गप्पा, चहा-बिस्किटं मंडळाकडून. मोठ्यांसाठी हिब्रू वाचनाचे सहा तास, अक्षरओळखीपासून. शब्बाथचा वेणीचा पाव वळायला शिका, एप्रन घरून आणा. रब्बींचं व्याख्यान, विषय नंतर कळवू. वर्षानुवर्षं तेच, फक्त तारखा बदलायच्या. त्या गुरुवारी मात्र अगदी तळाशी एक चौकट होती: ‘अंत्यविधी मंडळाचं शिक्षण, मृत स्त्रीला न्हाऊ घालण्याचं. स्त्रियांसाठी. रविवार, सकाळी दहा. सरावासाठी एक तास निजून राहायला कुणीतरी हवंय. एटीला फोन करा.’

मर्लने कप खाली ठेवला तो बशीच्या कडेवर. चहा ओट्यावर सांडला आणि ती तो पुसायचं सोडून बघत राहिली. निजून राहायला. म्हणजे मेलेलीच्या जागी. तिने ती चौकट पुन्हा वाचली. दातांच्या दवाखान्यात तिने बत्तीस वर्षं काढली होती. आडवी झालेली माणसं तिला नवीन नव्हती. खुर्ची मागे गेली की भल्याभल्यांचे चेहरे बदलतात, गाल कानांकडे ओघळतात, डोळे छतावर कशाला तरी धरून राहतात. ती कायम वरून बघणारी. गळ्याशी कागदी रुमाल अडकवणारी, आता जरा मोठं तोंड, शाब्बास, झालंच. आणि आईकडे वरून कुणी बघितलं असेल? नऊ वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी, तिकडे दक्षिण आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथला, दफनभूमीच्या कडेच्या त्या बसक्या खोलीत, टेबलावर. ‘दोघींनीच उरकलं गं,’ म्हाताऱ्या सेडी फॉनने फोनवर सांगितलं होतं. ‘तिसरी मिळाली नाही. तुझी ती मैत्रीण होती ना गावात, तिला बोलावलं. नाही आली.’ उरकलं. हा शब्द मर्लच्या डोक्यात तेव्हा जो रुतला तो रुतलाच. तिघीचौघींचं काम दोघींनी उरकायचं म्हणजे काय काय सोडून द्यायचं? कान? पाठ? बोटांच्या बेचक्या? आई आंघोळीबाबत फार काटेकोर होती. शुक्रवारी दुपारी मर्लला न्हाऊ घालायची, शेवटच्या पाण्यात व्हिनेगर टाकायची, आणि बाहेरच्या त्या सततच्या वाऱ्यात केस वाळेपर्यंत दारात बसवायची. त्या बाईची शेवटची आंघोळ कशी झाली, ते मर्लला माहीत नव्हतं. विचारावं कुणाला? सेडीसुद्धा आता नव्हती.

“काय गं, कोण गेलं?” सेल्विन दारात उभा होता, हातात बागेची कात्री. पत्रक हातात आणि चेहरा असा, म्हणजे कुणीतरी गेलं असणार, हा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव.

“कुणी नाही. रविवारी मी जाणार आहे. मेलेली म्हणून.”

त्याने खांद्यावरून वाकून वाचलं. “सहासष्टाव्या वर्षी नवा छंद! अगं, ब्रिज शीक. तिथे निदान बसायला मिळतं.”

“चेष्टा नको, सेल्विन.”

“बरं, नाही करत.” मग जाता जाता, “पण घोरू नकोस हं. एटी आंटी जिवंत गाडेल तुला.”

तिला हसू आलं, आणि हसताहसता तिने फोन लावलासुद्धा. एटी आंटी ब्याऐंशी वर्षांच्या, कानाने अधू, त्यामुळे फोनवर त्या नेहमी ओरडत. “कोण? मर्ल? तू निजणार? छान! पोहण्याचा पोशाख घालून ये आतून! आणि नखांना रंगबिंग लावू नकोस!” शिकायला कोण कोण येणार, हे विचारायचं मर्लला सुचलं नाही.

सेडी म्हणाली ती मैत्रीण, ग्लिनिस, तिच्या मनात आलीच नाही असं नाही. ती मनात यायची. शनिवारी प्रार्थनेला तीन रांगा पुढे तिची पाठ दिसायची, पोक येत चाललेली, आणि वर दरवर्षी वेगळ्या रंगाची टोपी. पण नऊ वर्षांत मर्लने स्वतःला एक सवय लावून घेतली होती: ग्लिनिस दिसली की नजर पुस्तकात घालायची. दोघी पोर्ट एलिझाबेथला एका गल्लीत वाढल्या. शाळेत नेटबॉल खेळताना मर्लच्याच कोपराने ग्लिनिसचं नाक मोडलं होतं, तेव्हापासून श्वास आत घेताना त्या नाकातून बारीक शीळ यायची. वर्गातली सगळी मुलं तिची नक्कल करायची आणि मर्ल त्यांना मारायला धावायची. लग्नं झाली, मुलं झाली, सत्याऐंशी साली एकीने सामान बांधलं तसं तीन महिन्यांत दुसरीनेही बांधलं, आणि ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये पुन्हा दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं. मर्लच्या आईच्या स्वयंपाकघरात ग्लिनिस सहा वर्षांची असल्यापासून जेवली होती. आणि त्याच आईला शेवटचं न्हाऊ घालायला तिसरा हात हवा होता तेव्हा ती पुतण्याच्या लग्नासाठी गावातच होती, आणि तिने नाही म्हटलं, आणि दुपारच्या विमानाने निघून आली. मर्ल भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं तिला कधीकधी वाटे. ग्लिनिस सात दिवसांच्या दुखवट्यात घरी आली, दारात उभी राहिली, आणि मर्ल म्हणाली, “सेल्विन, कुणीतरी आलंय बघ.” कुणीतरी. एवढ्यावर सगळं संपलं. ग्लिनिसनेही कधी काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही याचा राग वेगळा. तो राग मर्लला उपयोगी पडला होता, हे ती स्वतःशीही कबूल करत नसे. रात्री जाग आली की तो हाताशी असे, आणि तो असला की त्याच्या मागे काय आहे ते बघावं लागत नसे.

रविवारी ऊन छान होतं. सिनेगॉगच्या मागच्या सभागृहात दोन लांब टेबलं जोडून वर गादी आणि पांढरी चादर घातली होती. लाकडी पडद्याच्या पलीकडे रविवारची शाळा भरली होती; मुलं एकसुरात अक्षरं म्हणत होती, आलेफ, बेत, गिमेल, आणि कुणीतरी मध्येच शिंकत होतं. एटी आंटींनी मर्लला आधीच बोलावलं होतं. “चढ,” त्या म्हणाल्या, आणि चढताना तिचा गुडघा वाजला तेव्हा, “मेलेल्या माणसांचे गुडघे वाजत नाहीत, तेवढा फरक. ऐक. बोलायचं नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही. हात उचलला की उचलून देऊ नकोस, जड ठेव. कपडे चढवण्यापुरती बसवतील, तेव्हाही अंग टाकून दे. लोकांना वाटतं हे सोपं आहे. माणूस जन्मभर मदत करत असतो, ते सोडणं कठीण.” मग तिच्यावर चादर आली, आणि चेहऱ्यावर एक मऊ रुमाल.

रुमालाच्या आत उजेड दुधासारखा होता. स्वतःचा श्वास परत स्वतःच्याच तोंडावर येत होता, चहाचा वास असलेला. पावलं आली. एक भराभर, रबरी तळव्यांची; ती टॅम्सिन असणार, इस्पितळात नर्स असलेली तरुण बाई, ती एटी आंटींना आधीच विचारत होती की हातमोजे कुठल्या मापाचे. दुसरी पावलं हळू. ती टेबलापासून दूरच थांबली. एटी आंटी नियम सांगू लागल्या: हिच्या अंगावरून पलीकडे वस्तू द्यायची नाही, टेबलाला वळसा घालून जायचं. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं करायचं. पालथं कधी घालायचं नाही. गप्पा नाहीत. “आणि नाव. नावाशिवाय हात लावायचा नाही. ही मिरियम, मोशेची मुलगी.” हे मर्लचं हिब्रू नाव.

पलीकडे मुलं ‘दालेत’वर अडली होती. आणि तेवढ्यात, उजव्या बाजूला, कुणीतरी श्वास आत घेतला आणि त्यात बारीक शीळ होती.

मर्लच्या पायांची बोटं चादरीखाली आखडली. उठावं. रुमाल फेकून द्यावा, म्हणावं, एटी आंटी, हे काय, तुम्हाला दुसरी कुणी मिळाली नाही? पण उठण्यासाठी मान उचलावी लागली असती, आणि मग दोघींची नजर भेटली असती, आणि नऊ वर्षांत जी गोष्ट झाली नव्हती ती पोहण्याच्या पोशाखात झाली असती. ती पडून राहिली. ग्लिनिसला कळलं होतं, यात शंका नव्हती. हिब्रूच्या शाळेत हजेरीला दोघींची हिब्रू नावं लागोपाठ यायची, मिरियम बत मोशे, गीला बत एलियाहू. निघून जाईल ती, मर्लला वाटलं. जाऊ दे. म्हणजे मी म्हणत होते तेच खरं. ती पावलं ऐकायला टपून राहिली. पावलं आली, ती जवळ. कोमट ओलं फडकं तिच्या कपाळाला रुमालाच्या वरच्या कडेने लागलं आणि केसांकडे गेलं.

“उजवीकडून आधी,” एटी आंटी म्हणाल्या. “घाबरू नकोस. तिला काही दुखत नाही.”

फडकं कानामागे गेलं. कानाची पाळी दोन बोटांत धरून मागची खोबण पुसली गेली, अगदी निगुतीने. मग मान. मग हात, तो तिने जड ठेवला, पण सुरुवातीला जमेना, कोपर आपोआप वर जायचं. “सोड,” एटी आंटींनी टेबलावर टिचकी मारली. तिने सोडला. सोडताच तो कुणाच्या तरी हातात पूर्ण वजनानिशी पडला, आणि त्या हातांनी तो पेलला. एकेक बोट, एकेक बेचकी. डाव्या बाजूने टॅम्सिनचे हात सफाईदार होते; उजवीकडचे हात सावकाश होते आणि काही सोडत नव्हते. असं असतं तर. आईलाही असं झालं असेल तर, दोघींनी का होईना. सेडीचे हात कसे होते? मर्ल आठवू लागली. सेडीचं टोप्यांचं दुकान होतं, डोक्याचं माप घेताना ती फीत अशी हलकेच फिरवायची की गुदगुल्या व्हायच्या. हे तिला नऊ वर्षांत आठवलं नव्हतं. ‘उरकलं’ हा सेडीचा शब्दच होता. ती जेवणसुद्धा उरकायची, लग्नाच्या टोप्यासुद्धा, आणि त्यांच्यावर एक टाका वाकडा नसायचा. मग केसांत कंगवा फिरला. वरपासून नाही, आधी टोकं, मग मध्य, मग मुळं. केस न ओढता विंचरण्याची ही रीत आईची. दारात बसवून आई दोघींच्या वेण्या घालायची, एकीच्या मागे एक. ग्लिनिस ते विसरली नव्हती. मर्लच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहिलं आणि रुमालाने ते टिपलं. ती मेलेली होती, तिला पुसता येत नव्हतं.

पाणी ओतायचं आज नाही, फरशी खराब होते, असं एटी आंटींनी सांगितलं. पांढरे कपडे चढवले: पायापाशी शिवून बंद केलेली तुमान, सदरा, त्यावर झगा, कमरेला पट्टा. खिसा कशालाच नाही. तागाचं कापड गळ्याशी खरखरलं. टॅम्सिनने गाठ मारली ती एटी आंटींनी दोनदा सोडवली. “आता शेवटचं. हे प्रत्येकीने म्हणायचं. मिरियम, मोशेची मुलगी, आमच्याकडून तुझा काही मान राखायचा राहिला असेल तर आम्हाला क्षमा कर. आम्ही केलं ते रीतीप्रमाणे केलं. टॅम्सिन, तू.”

टॅम्सिन स्पष्ट आवाजात म्हणाली. मग दुसरी पाळी आली.

“मिरियम,” ग्लिनिस म्हणाली. आवाज म्हातारा झाला होता. “मोशेची मुलगी. आमच्याकडून, माझ्याकडून, तुझा...” श्वासाची शीळ आली. “मी आले होते गं. दारापर्यंत आले होते. अंगठ्या काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं आणि तुझ्या आईचे पाय दिसले. करंगळीला कुरूपाची पट्टी चिकटवलेली होती, आदल्या दिवशी मीच आणून दिली होती तिला. ती पट्टी मला काढता आली नसती. मी परत फिरले. सेडीने मला बघितलंही नाही. तुला कुठल्या तोंडाने सांगू?”

“एवढं नसतं म्हणायचं,” एटी आंटी मोठ्याने म्हणाल्या. मग, बऱ्याच हळू आवाजात, “म्हटलंस तर म्हटलंस.”

रुमालाखाली मर्लला एकदम फार उकडू लागलं. उत्तर द्यायचं नाही, हा नियम होता, आणि तो नियम किती सोयीचा होता! पडून राहावं, मेलेली माणसं क्षमा करतात की नाही कुणाला कळतं? त्यांच्यावर कसलीच सक्ती नसते. ती पट्टी तिला दिसली. गुलाबी, कडा मळलेल्या. ग्लिनिसने ती दारातून बघितली होती. आणि मर्लने काय बघितलं होतं? डॉक्टरांचा फोन रविवारी आला होता, चार-पाच दिवस, फार तर. तिने बुधवारच्या विमानाची जागा धरली. मंगळवारी फोनवर आईने तिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली, सिस्टर, माझी मुलगी येणार आहे, तिच्यासाठी खुर्ची ठेवा. मर्लने फोन ठेवला आणि तासाभराने जागा सोडून दिली. आपण जाऊन बसू त्या खुर्चीत, आणि आई विचारेल, सिस्टर, मुलगी कधी येणार? सगळ्यांना तिने सांगितलं की विमान भरलं होतं. सेल्विनलाही.

“एटी आंटी,” ती रुमालातून म्हणाली. टॅम्सिन दचकून किंचाळली. “मेलेलीला बोलता येतं का?”

“नाही!”

“मग मला उठवा.”

तिघींनी मिळून तिला बसतं केलं. रुमाल मांडीवर पडला. झग्यातली, कमरेला गाठ बांधलेली मर्ल पाय सोडून टेबलावर बसली आणि तिने ग्लिनिसकडे बघितलं. जवळून ती फार थकलेली दिसत होती. हनुवटीवर एक पांढरा केस होता. पूर्वी असता तर मर्लने तो तिथल्या तिथे उपटला असता.

“विमानात जागा होती,” मर्ल म्हणाली. “मी धरली होती आणि सोडून दिली. मला भीती वाटली. तू दारापर्यंत तरी गेलीस. मी समुद्रसुद्धा ओलांडला नाही. आणि वर नऊ वर्षं तुझ्याशी बोलले नाही.”

ग्लिनिसने ऐकून घेतलं. तिचा चेहरा आधी मऊ पडला नाही, उलट लाल झाला. “सात दिवसांचा दुखवटा चालू असताना मला ‘कुणीतरी’ म्हणालीस तू.”

“म्हणाले.”

“दारात. सगळ्यांसमोर.”

“हो.”

“इतकी वाईट आहेस तू, मर्ल,” ती म्हणाली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती रडते आहे की हसते आहे हे तिलाच कळत नसावं. “आणि किती जड झाली आहेस! तुझा हात उचलताना माझी कंबर गेली.” मर्लने हात पुढे केला. ग्लिनिसने तो धरला नाही, मनगटाशी नुसती बोटं टेकवली, नाडी बघावी तशी, आणि तशीच ठेवली.

“मला वाटलं होतं इथे शांत असतं,” टॅम्सिन म्हणाली.

तेवढ्यात एटी आंटींचा फोन वाजला. त्या खिडकीपाशी जाऊन ओरडून बोलल्या, म्हणून सगळ्यांनाच कळलं. वृद्धाश्रमातल्या डोरा झेलिकमन सकाळी नाश्त्यानंतर गेल्या. चौऱ्याण्णव वर्षांच्या. मुलगी मेलबर्नहून संध्याकाळच्या विमानाने येते आहे. दफन उद्या दुपारी. एटी आंटींनी फोन बंद केला आणि बोटांवर मोजलं. “बेला नातवाच्या बार मित्झ्वाच्या समारंभाला गेली. रोझलिनचं खुब्याचं ऑपरेशन. टॅम्सिन?”

“माझी पाळी आहे इस्पितळात. उद्या सकाळी सहापासून.”

“मी येते,” ग्लिनिस म्हणाली. आवाज बारीक होता. “या वेळी येते.”

“दोघींनी होणार नाही.” एटी आंटींनी मर्लकडे बघितलं. म्हाताऱ्या बायका बघतात तसं, वरपासून खालपर्यंत, सरळ. त्यांना आधीपासून सगळं माहीत होतं की काय, हे मर्लला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही त्यांनी कधी सांगितलं नाही.

“मी तर नुसती निजून होते,” मर्ल म्हणाली. “मी काहीच बघितलं नाही.”

“मग तुला जास्त माहीत आहे. साडेसातला, दफनभूमीच्या फाटकाशी. आणि तो झगा काढ आता, त्याला इस्त्री करावी लागते.”

सोमवारी आभाळ स्वच्छ होतं आणि हवेत गारवा. फाटकाशी ग्लिनिस आधीच उभी होती; तिला बघून मर्लला वाटलं, ती तासभर तरी तिथे असावी. आतल्या खोलीच्या दाराशी ग्लिनिस थांबली, उंबऱ्यावर, एक हात चौकटीला. मर्लही तिच्याशेजारी थांबली. तिला स्वतःलाही आत पाऊल टाकवत नव्हतं. टेबलावर चादरीखाली एक फार लहान आकार होता, मुलीएवढा. “मी म्हणते तू पुढे हो,” ग्लिनिस कुजबुजली. “मी म्हणते तू,” मर्ल म्हणाली. आतून एटी आंटी ओरडल्या, “कुणीही व्हा, पण दार लावा, वारा येतोय!” आणि दोघी एकदमच आत गेल्या, खांद्याला खांदा घासून.

डोराबाईंच्या नखांना भडक लाल रंग होता, पायांच्यासुद्धा. वृद्धाश्रमातल्या मुलीने शुक्रवारीच लावून दिला असणार. तो कापसाने पुसता पुसता अर्धा तास गेला. कोपऱ्यांत राहिलेला रंग मर्लने दवाखान्यातल्या सवयीने बारीक काडीने काढला, ग्लिनिस पाय धरून होती. कान पुसले. बेचक्या पुसल्या. भीती कधी गेली ते कळलं नाही. इतकी कामं होती. डोराबाईंचं अंग गार होतं आणि मऊ, आणि कुठल्याही गोष्टीला त्यांची हरकत नव्हती. आईची हीच गत झाली असेल, मर्लला वाटलं, आणि प्रथमच त्या वाटण्यात टोचणारं काही नव्हतं.

मग एटी आंटींनी तीन बादल्या भरून ओळीत ठेवल्या. हे काल केलं नव्हतं. “नीट ऐका. डोक्यापासून पायांपर्यंत, न थांबता. पहिली ग्लिनिस, दुसरी मर्ल, तिसरी मी. एकीची धार संपायच्या आत दुसरीची सुरू झाली पाहिजे. मध्ये खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. कळलं?”

ग्लिनिसने बादली उचलली. पाणी डोराबाईंच्या पांढऱ्या केसांवरून खांद्यावर आलं, छातीवरून खाली गेलं, टेबलाच्या पन्हळीतून वाहू लागलं. एटी आंटी हिब्रूत म्हणत होत्या, ती शुद्ध आहे, ती शुद्ध आहे. मर्ल बादली छातीशी धरून उभी राहिली. कडीचा गारवा बोटांत शिरला. ग्लिनिसची धार बारीक होऊ लागली. ग्लिनिसने मान वळवून तिच्याकडे बघितलं, घाईने, काळजीने, रस्ता ओलांडताना बरोबरचं माणूस आलं ना ते बघावं तसं. मर्लने बादली कलती केली. क्षणभर दोन्ही धारा त्या लहानशा खांद्यावर एकत्र पडल्या, मग ग्लिनिसची बादली रिकामी झाली, आणि मर्ल ओतत राहिली.